मोसंबी-पास

तुमच्याकडच्या बारशालाही हे गृहस्थ येऊन गेलेले आहेत. आठवून पाहा. बायका पाळण्याभोवती जमल्यात, घुगऱ्यांच्या वाट्या फिरताहेत, आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगायला वाकल्यात, आणि तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक काका पाळण्यापाशी येऊन उकिडवे बसतात. बाळाकडे बघत नाहीत. नाक आईचं की बापाचं, या वादात त्यांना रस नसतो. ते पाळण्याच्या गजांकडे बघतात. मग सदऱ्याच्या खिशात हात घालतात आणि एक मोसंबी बाहेर काढतात.

ती मोसंबी ते दोन गजांच्या मधून ढकलतात. पलीकडे गेली, की मान वर न करता एकच शब्द उच्चारतात : "गेली."

गेली म्हणजे पाळणा नापास. मग तो सागवानी असो, आजोळहून वाजतगाजत आलेला असो, नाहीतर हप्त्यावर घेतलेला असो.

जालन्यात असा माणूस निपजावा हे तसं रीतसरच आहे. 'जालना, सोने का पालना' असं या गावाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. व्यापाऱ्यांच्या या पेठेत पैसा खेळतो, एवढाच त्याचा अर्थ. पण काकांसमोर कुणी हे अभिमानानं म्हटलं, की ते विचारतात, "सोन्याचा असंल हो. गजांत अंतर किती?" मोसंबीही जालन्याचीच. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकन देणाऱ्यांनी तिचा रंग, रस, गोडी सगळं पाहिलं असेल. तिच्यानं पाळणे तपासता येतात हे काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आता यात काकांचं चूक काही नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. बाळाच्या कॉटला दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, हा अमेरिकेतला नियम १९७३ सालापासूनचा. युरोपातही साडेचार ते साडेसहा सेंटिमीटरच्या आतलाच हिशोब. कारण साधं आहे. लेकरू सरकत सरकत आधी पाय बाहेर काढतं, मग कंबर निघते, आणि डोकं अडकतं. अंग जिथून जातं तिथून डोकं जाईलच असं नसतं. हे आईबापांना चटकन तपासता यावं म्हणून तिकडे थंड पेयाचा डबा गजांतून घालून बघायला सांगतात. काकांनीही सुरुवातीला तसाच डबा आणला होता. पण बारशाच्या घरात भरदुपारी हातात पत्र्याचा डबा घेऊन पाळण्याशी खटपट करणारा माणूस पाहून एका मावशींनी पदर नाकाला लावला आणि गावात भलतीच कुजबुज सुरू झाली. त्या दिवसापासून मोसंबी.

तीही कुठलीही चालत नाही. फळवाल्याच्या गाडीपाशी काका टेप घेऊन उभे राहतात आणि एकेका फळाचं माप घेतात. एकदा फळवाला कंटाळून म्हणाला, "काका, मोसंबी खायचीय, का तिला झबलं शिवायचंय?" शिवाय मोसंबी उन्हाळ्यात सुकते. सुकलेली मोसंबी चांगल्या पाळण्यालाही नापास करते, म्हणून दर चार दिवसांनी नवी. जुनीचा रस काकू पितात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातली दहा तपासून झालेल्या मोसंब्यांच्या रसावर गेली, असा काकूंचा हिशोब आहे.

नोकरीत असताना काका औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये माल तपासायला होते. जालन्याची सळई महाराष्ट्रभरच्या स्लॅबांत गेलेली आहे. त्यातली बरीच आधी काकांच्या हाताखालून गेली. सळई वाकवून बघायची, तडा गेला की बंडल बाजूला काढायचं, हे आयुष्यभर केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वस्थ कसं बसवणार? त्यांनी पाळणे धरले. एका भाचेजावयानं हौसेनं घडवून घेतलेल्या लोखंडी पाळण्याचे गज बघून ते म्हणाले, "हे काय, स्लॅबचं स्टील बांधलंय काय? सहा सेंटिमीटर म्हणतात, सहा इंच न्हाई." जावई इंजिनिअर होता, तोही बांधकामाचाच. पुढचे दोन दिवाळसण तो आला नाही.

मोसंबीनंतर पुढची तपासणी. कॉट दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. कुरकुरली तर बोल्ट ढिले. गादी आणि चौकटीच्या मधे बोटं घालायची. दोन बोटांहून जास्त जागा असेल तर लेकराचं तोंड त्या फटीत जाऊ शकतं. गादी मुठीनं दाबायची; मूठ रुतली तर गादी नापास. रंगाला नख लावायचं. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या पाळण्याची वरची पट्टी दात येणारं लेकरू चघळतं, हे काका यजमानाला अशा सुरात सांगतात, की यजमानालाच तोंडात शिसं आल्यासारखं वाटतं. आणि ज्या कॉटची एक बाजू वरखाली सरकते, तिच्याकडे तर ते बघतसुद्धा नाहीत. निखळलेल्या सरकत्या बाजूत अडकून अमेरिकेत २००० सालापासून किमान ३२ बाळं दगावली आणि जून २०११ मध्ये तसल्या कॉटच्या विक्रीवरच बंदी आली. आपल्याकडे तसली कॉट कुणाच्या तरी माळ्यावरून अजूनही उतरते, पुसली जाते, आणि 'चांगली मजबूत आहे' म्हणून पुढच्या घरी पोचते.

भोकरदनकडच्या एका घरातलं पोपटांचं प्रकरण अजून निघतं. आजीनं सुताराकडून मुद्दाम पाळणा करून घेतलेला. चार कोपऱ्यांना चार लाकडी पोपट, वर चिमणाळं, मधोमध आरसा. मोसंबी अडली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण काकांची नजर पोपटांवर होती. कोपऱ्याचा खांब वर आलेला नको. झबल्याचा बंद, गळ्यातला दोरा त्यात अडकतो. तिकडच्या नियमात तर दीड मिलिमीटरच्या वर उंचवटा चालत नाही, आणि हे पोपट चांगले वीतभर. काकांनी करवत मागितली.

"माय माय माय! लेकराच्या पाळण्यावरचं पाखरू कापता?" आजी पाळण्याच्या आड उभ्या राहिल्या.

तासभर बोलणी झाली. शेवटी पोपट कापले गेले आणि पाळण्यासमोरच्या भिंतीवर ओळीनं ठोकले गेले. आजी काकांशी वर्षभर बोलल्या नाहीत. लेकरू मात्र त्या भिंतीकडे बघून पहिल्यांदा हसलं. ते काकांकडे बघून हसलं, असं काकांचं म्हणणं आहे. त्याला पुरावा नाही.

आजी हा काकांचा कायमचा विरोधी पक्ष. डोकं गोल व्हावं म्हणून आजी मोहरीची उशी ठेवते. काका ती काढतात. गादी खराब होऊ नये म्हणून दुकानातलं प्लॅस्टिक तसंच ठेवलेलं असतं. काका ते टराटरा फाडतात. मे महिन्यात ऊन बेचाळीस अंशांवर गेलं, की कॉट कूलरसमोर सरकते आणि कूलरची वायर गजांवर येऊन पडते. काका आधी वायर उचलतात, मग पाणी मागतात. साडीच्या झोळीत लेकरू मुटकुळं होऊन झोपतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट चेपते, म्हणून रात्रीची झोप झोळीत नको, सपाट गादीवर पाठीवरच, असं ते दोनदोनदा सांगतात. पाठीवर झोपवा ही मोहीम अमेरिकेत १९९४ साली निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आलं. कॉटला आतून लावायच्या मऊमऊ रंगीत गाद्यांवर २०२२ मध्ये तिथं कायद्यानंच बंदी आली. आपल्या बाजारात त्या अजून 'संपूर्ण सुरक्षा' म्हणून विकल्या जातात, तेही कॉटच्या निम्म्या किमतीला.

अशाच एका वादात एका आजोबांनी हुकमी पत्ता टाकला. "समर्थ याच जिल्ह्यातल्या जांबेचे. जिजाऊ इथून तासाभरावरच्या सिंदखेडराजाच्या. त्यांच्या पाळण्यात कुणी मोसंबी घातली होती का?"

काकांनी मोसंबी खिशात ठेवली. म्हणाले, "जे जगले त्यांचीच चरित्रं लिहितात, दादा."

त्या बारशात पुढे काही वेळ कुणी काही बोललं नाही.

बाजारातल्या दुकानदारांनी पहिल्यांदा काकांचा धसका घेतला होता. काका येताना दिसले की पोऱ्या लांबूनच ओरडायचा, "शेठ, मोसंबी आली!" मग एका हुशार दुकानदारानं वारा ओळखला. त्यानं पाटीच लावली : 'आमच्या सर्व कॉट मोसंबी-पास'. गल्ल्यावर बशीत एक मोसंबी. गिऱ्हाईक आलं की शेठ स्वतः उठून ती गजांत घालून दाखवायचे. प्रत्येक वेळी अडायची. धंदा बरा चालला. दोन महिन्यांनी काका दुकानात शिरले, बशीतलं फळ हातात घेतलं, तोललं, वास घेतला आणि म्हणाले, "शेठ, हे पपनस आहे."

पाटी उतरली. पण एवढं खरं, की त्या दुकानात तेव्हापासून दारातच एक टेप टांगलेला असतो. गिऱ्हाइकं आता कॉटला आधी टेप लावतात, मग भाव विचारतात. काकांना याचं श्रेय कुणी दिलेलं नाही. त्यांनीच ते ठिकठिकाणी जाऊन सांगितलेलं आहे.

असा माणूस नकोसा वाटावा यात नवल नाही. बारशाच्या याद्यांमधून त्यांचं नाव गाळलं जातं. तरी ते येतात. पण रात्री साडेदहाला एखाद्या नव्या बापाचा फोन जातो तो त्यांनाच. खोक्यातून आलेली कॉट जोडून झालेली असते, बायको उद्या माहेरहून येणार असते, आणि सतरंजीवर चार स्क्रू उरलेले असतात. काका काही विचारत नाहीत. स्कूटर काढतात, एल आकाराच्या किल्ल्यांचा जुडगा घेतात, आणि पूर्ण कॉट मोकळी करून पहिल्यापासून जोडतात. लेकरू बसायला लागलं की गादी एक घर खाली घ्या, उभं राहायला लागलं की सगळ्यात खाली. तेव्हा गादीच्या पाटापासून कठड्यापर्यंत २६ इंच तरी उरले पाहिजेत, हे त्या बापाकडून वदवून घेतात. चहा घेत नाहीत, रात्री झोप येत नाही म्हणून. निघताना मोसंबी गजांत घालून बघतात. "अडली." एवढं म्हणून जातात. मग महिनाभरानं बोल्ट आवळायला पुन्हा येतात, न बोलावता.

गेल्या वर्षी काकांना नातू झाला. न्यू जर्सीत. काकूंनी चार जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवलं, बारीक टाक्यांचं, कडेला हिरवी पट्टी लावून. मुलाच्या मित्राबरोबर ते पाठवलं. मुलानं तिकडून हळूच सांगितलं, की वर्षाचा होईपर्यंत कॉटमध्ये पांघरूण, उशी, खेळणं काही ठेवायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. आणि बाबा, तुम्हीसुद्धा हेच म्हणता ना? काका हो म्हणाले. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या रात्री त्यांनी काकांना रस दिला नाही, आणि स्वतःही घेतला नाही.

आता रोज सकाळी सातला, तिकडची रात्र होते तेव्हा, व्हिडिओ कॉल लागतो. काका टीपॉयवर मोबाइल उभा करतात. पडद्यावर पांढरी कॉट दिसते, आत पाठीवर झोपलेलं लेकरू, गादीवर दुसरं काहीही नाही. आणि मागच्या भिंतीवर चार चुका मारून ताणून लावलेलं हिरव्या पट्टीचं दुपटं.

पहिल्याच आठवड्यात काकांनी विचारलं होतं, "मोसंबी मिळती का रे तिकडं?" मिळाली नाही. मुलानं फ्रिजमधून एक संत्रं आणलं, काकांनी ते टेपनं मोजायला लावलं. साडेसहा निघालं. "मोठं आहे," काका म्हणाले. दुसरं आणलं. सहा. मुलानं ते झोपलेल्या लेकराच्या पायाशी, हळूच, दोन गजांच्या मधे धरलं आणि दाबलं. इकडे काका पडद्याला नाक लावून बघत होते. काकूही पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अडलं, बाबा."

"मग झोपू द्या त्याला," काका म्हणाले आणि फोन बंद केला. खिशातली मोसंबी काढून त्यांनी सोलली, अर्धी काकूंना दिली. बिया फार निघाल्या, म्हणाले.