ऑप्टकाका

कॉम्प्युटर अडला की मदतीला धावून येणाऱ्यांत एक जात अशी असते, जिला तो चालू होण्याची मुळीच घाई नसते. ऑप्टकाका त्या जातीचे. म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागलं की येलवाल लागतं. पुण्यातल्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर काकांनी येलवालच्या एका लेआउटमध्ये घर बांधलं. कारण विचारलं तर म्हणतात, "हवा." काकूंना विचारलं तर म्हणतात, "पुण्यात ह्यांचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं." येलवालला ती अडचण नाही. जवळच हेब्बाळला इन्फोसिसचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र असल्याने लिनक्सने गांजलेली पोरं या भागात बारमाही. काकांचं कन्नड अजून 'गोत्तिल्ला'च्या (म्हणजे 'माहीत नाही'च्या) पुढे सरकलेलं नाही, पण एरर मेसेज इंग्रजीत येतात आणि शिव्या मराठीत देता येतात, त्यामुळे काम भागतं.

लिनक्समध्ये कुठली वस्तू कुठे ठेवायची, याचा शिरस्ता ठरलेला आहे. कमांड यूएसआरमधल्या बिनमध्ये, सेटिंगं ईटीसीमध्ये, नोंदवह्या व्हारमध्ये. बाहेरून आणलेल्या सामानासाठी ऑप्ट नावाची डिरेक्टरी. काका पॅकेजवाल्यांचं काही घेत नाहीत. सगळं स्वतः कंपाइल करतात आणि ऑप्टमध्ये टाकतात, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं. मध्यंतरी त्यांना ऑप्टमध्येही गर्दी वाटू लागली. तेव्हा आपल्या होम डिरेक्टरीत त्यांनी 'हत्यारे' नावाचं फोल्डर काढलं आणि बिऱ्हाड तिथे हलवलं.

एवढ्यावर भागलं असतं, तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. पण काकांचं दुसरं प्रेम म्हणजे एसईलिनक्स. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याने ते तयार केलं आणि डिसेंबर २००० मध्ये सोर्सकोडसकट जगाला फुकट देऊन टाकलं. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलमध्ये ते मुळातच बसवलेलं होतं. काका सांगतात, "हेरांनी कुलूप केलं आणि आतली कळ उघडून दाखवली, बघ!" तत्त्व असं, की प्रत्येक फाइलला आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल. नेहमीची परवानगी असली तरी कर्नेल पुन्हा लेबलं ताडून पाहतो. कुठल्या लेबलाने कुठल्या लेबलाला हात लावायचा, हे धोरणात लिहिलेलं असेल तरच पुढे जाऊ देतो. रूट, म्हणजे सिस्टिमचे सर्वाधिकारी, असलात म्हणून तुमचा प्रोग्रॅम सुटत नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हेच चालतं, फक्त तिथे तुम्हाला कुणी विचारत नाही.

याचा सगळ्यांना जाच होतो, आणि जाचावरचा सार्वत्रिक उतारा म्हणजे 'सेटएन्फोर्स शून्य'. एक ओळ टाइप करायची, की पहारा नुसता नोंद करतो, अडवत नाही. असं केल्याने रेड हॅटचे डॅन वॉल्श रडतात, असं बजावणारी एक वेबसाइटच आहे. पोराच्या बोटाखाली 'सेट' उमटलं रे उमटलं, की काका त्याचं मनगट धरतात. "डॅनला रडवतोस?" पोराला वाटतं, डॅन काकांचा जावई असावा.

मग काका विनोबांवर येतात. येलवालमध्ये राहून ते विनोबांवर येणारच. सप्टेंबर १९५७ मध्ये इथे ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपादही आले, आणि निरनिराळ्या पक्षांच्या या मंडळींनी एका मराठी माणसाच्या कल्पनेला पाठिंबा दिला. काकांच्या मते विनोबांनी इथे जे मांडलं ते एसईलिनक्सच. "जमीन कसणारा तूच, पण मालकी गावाची. मालकाच्या मर्जीने व्यवहार नाही, गावाच्या धोरणाने. साध्या लिनक्समध्ये फाइलचा मालक म्हणेल ती पूर्व दिशा. इथे मालकाच्या डोक्यावर धोरण." एका पोराने भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे सीएचमॉड सातशे सत्त्याहत्तर का, काका? सगळं सगळ्यांना खुलं?" काका इतके संतापले, की कॉफी निवली. "ते ग्रामदान नव्हे, ती लूट!" मला विचाराल तर ही तुलना विनोबांनी ऐकून घेतली असती, पण ऐकताना सूतकताई थांबवली नसती.

आता मुख्य प्रकरण. गेल्या पावसाळ्यात काकांना वाटलं, की धोरण सांभाळायची हत्यारंच जुनी झाली. सेमॅनेज, सेमॉड्यूल, रिस्टोअरकॉन, लोड-पॉलिसी, सगळी नव्याने कंपाइल करून त्यांनी 'हत्यारे'मध्ये बसवली. म्हणजे पहारेकऱ्याला हुकूम देणारं कार्यालयच त्यांनी परसात हलवलं. मी आणि दोन पोरं साक्षीला होतो.

रूटचे अधिकार उसने देणारं सुडो लावून सेमॅनेज चालवलं. 'कमांड सापडत नाही.' कमांड कुठे शोधायची याच्या तुमच्या यादीला, म्हणजे पाथला, सुडो भीक घालत नाही, त्याची स्वतःची यादी असते. "बरोबर आहे," काका खूश होऊन म्हणाले. पूर्ण पत्ता देऊन सेमॉड्यूल चालवलं. आता त्याला लिबसेपोल ही लायब्ररी मिळेना. एलडी-लायब्ररी-पाथ लावला होता, तो सुडोने वाटेतच गाळला. "बरोबर आहे!" सुडोच्या पुढे एनव्ही लावून तो पुन्हा आत घुसवला. मग सेमॅनेज चालू झालं, पण चमत्कारिक वागू लागलं. ते पायथनमध्ये लिहिलेलं. नव्या सेमॅनेजने सिस्टिममधलं जुनंच मॉड्यूल उचललं होतं. तेही निस्तरलं, तर कळलं की धोरण कर्नेलमध्ये चढवण्याच्या वेळी लायब्ररी एसबिनमधल्या जुन्याच लोड-पॉलिसीला हाक मारते, कारण सेमॅनेज डॉट कॉन्फमध्ये नवा पत्ता कुणी लिहिलेलाच नाही. प्रत्येक अपयशाला काकांचा चेहरा अधिक उजळत होता. एका पोराने घड्याळ पाहिलं. दुसऱ्याने दार पाहिलं.

आणि मग कळस. रोज रात्री लेबलं तपासण्यासाठी काकांनी सिस्टिमडीला एक काम लावून दिलं होतं, 'हत्यारे'मधूनच. सकाळी पाहतात तर २०३ क्रमांकाची एरर, परवानगी नाही. ऑडिटच्या वहीत लिहिलं होतं, की होम डिरेक्टरीचं लेबल लावलेली फाइल सिस्टिमडीने चालवायची नाही. धोरणाची हत्यारं धोरणानेच दारात अडवली होती. काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. "बघा, मलासुद्धा सोडलं नाही!"

मी बिचकत सुचवलं, की हत्यारं निमूट यूएसआर-बिनमध्ये हलवावीत. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "हलवून काय होतं? कॉपी केलेली फाइल नव्या घरचं आडनाव लावते, मूव्ह केलेली माहेरचंच ठेवते." हे मात्र खरं आहे, आणि कित्येकांच्या वेबसाइट एवढ्याशा फरकापायी बंद पडलेल्या असतात. शेवटी काकांनी धोरणातच नोंद केली, की 'हत्यारे'मधल्या बिनला बिनचंच लेबल, आणि वरून रिस्टोअरकॉन फिरवलं. सीएचकॉनने हे चार सेकंदांत झालं असतं, पण ते लेबल पुढच्या फेरीत पुसलं जातं, म्हणून सीएचकॉन वापरणाऱ्याला काका माणसांत धरत नाहीत.

त्याच वही-वाचनात त्यांना आणखी एक ओळ सापडली. मंगळवारी दुपारी, काका बँकेत गेलेले असताना, कुणीतरी सेटएन्फोर्स शून्य केलं होतं! संशय अर्थातच पोरांवर. काका गरजले, "सुडो मारलं म्हणून लपत नाही बाबांनो, मूळ लॉगिन कुणाचं ते वहीत राहतं." त्यांनी क्रमांक पाहिला. पुन्हा पाहिला. तो क्रमांक काकूंचा होता.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मुंजीच्या आमंत्रणांची यादी छापायची होती. प्रिंटरचं काहीतरी तुम्ही त्या हत्यारांत कोंबलंय, छापेचना. ह्या पोराला फोन केला, त्याने सांगितलं ते केलं. छापून झाल्यावर परत एक केलं की. खालची ओळ वाचा."

खालची ओळ होती. अकरा मिनिटांनी पहारा पूर्ववत.

"पण पासवर्ड?" काकांचा आवाज चिरकला. "तो मी कुठेही नेहमीच्या जागी ठेवलेला नाही!"

"हिंगाच्या डबीच्या बुडाला चिकटवलाय तुम्ही," काकू म्हणाल्या. "रोज फोडणीला दिसतो."