एका कानाला दोन-दोन पडदे!

ऐकलंत का? डावीकडे एक आणि उजवीकडे एक स्पीकर ठेवून माणसं आता समाधानी नाहीत. डावीकडे दोन, उजवीकडे दोन! आणि तेही पेटीतले साधे नव्हेत, प्लेनर. म्हणजे भली मोठी सपाट चौकट, तिच्यात केसाहून पातळ ताणलेला पडदा, पुढूनही गाणार आणि मागूनही. शिवाय भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आणून ठेवायचा, नाहीतर महाराज रुसतात. एका जोडीतच दिवाणखान्याचा बोळ होतो. आणि हे लोक दुसरी जोडी आणतात! घरात बसायचं कोणी आणि कुठे, याची काही चाड?

बरं, ही थेरं आजची नव्हेत. इंग्लंडातल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकरनी 1957 साली क्वाड नावाचा असाच पडद्याचा, इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. दिसायला थेट रूम हीटर, उंची जेमतेम अडीच फूट, पण गळा असा स्वच्छ की गायकाचा श्वाससुद्धा ऐकू यावा. खोट एवढीच, की मोठ्याने गायला लावलं की दम लागायचा, आणि फारच रेटलं तर आत ठिणगी उडायची. शहाणा माणूस अशा वेळी आवाज कमी करतो. भक्तांनी काय केलं? एका क्वाडच्या डोक्यावर दुसरा क्वाड चढवला.

त्याच्यावर कडी केली अमेरिकेच्या मार्क लेव्हिन्सननी, 1970च्या दशकात. दर बाजूला दोन क्वाड, त्यांच्यामध्ये वरच्या सुरांसाठी डेक्काचा रिबन ट्वीटर, आणि खर्जासाठी हार्टलेचा 24 इंची वूफर. तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव एचक्यूडी. हा संसार चालवायला सहा अँप्लिफायर! एकेक फक्त 25 वॅटचा, पण क्लास ए जातीचा. म्हणजे गाणं चालू असो की नसो, वीज ओढत तापत बसायचं. तिकडे मिनेसोटात जिम वायनींच्या मॅग्नेपॅननं तर कारखान्यातूनच दर बाजूला तीन-तीन पट्ट्यांचा टिंपानी पाठवला. आडोशाला घडीचा पडदा लावतात ना, तसा उभा. निदान त्याला घडी तरी होती.

आता तुम्ही म्हणाल, यात काही अर्थ आहे की नुसती मस्ती? सांगायला जिवावर येतं, पण थोडा अर्थ आहे. पडद्याच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलटी असते. खर्जाच्या लांब लाटा कडेवरून वळतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. पडद्याचं क्षेत्र वाढवा, हे खाणं कमी होतं. वर दोघांनी काम वाटून घेतलं की प्रत्येकाला निम्मंच हलावं लागतं. दम लागत नाही, ठिणगीही लांब राहते. इथवर भक्तांचं खरं.

पण वरच्या सुरांचं काय करता? एकच स्वर दोन जागांहून निघाला आणि कानापर्यंतच्या अंतरात 17 सेंटिमीटरचा फरक पडला, तर हजार हर्ट्झच्या आसपास एकाचा दाब दुसऱ्याची पोकळी भरून काढतो आणि स्वर गायब. मान जरा हलवली की खड्डा दुसऱ्या स्वराला. ज्या क्वाडची सगळी कीर्ती एकसंध आवाजाची, त्याच्याच आवाजाला फणीचे दाते पाडायचे, आणि त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे! शिवाय 4 ओहमची दोन पॅनेलं समांतर जोडलीत की अँपसमोर 2 ओहम उभे राहतात. मग नवा अँप आलाच.

यावर भक्तांचं उत्तर तयार असतं: गवई दोन तानपुरे घेऊन बसतोच की! हा युक्तिवाद लखनौत करू नका. तिथे 1926 साली आपल्या भातखंड्यांनी संगीताचं कॉलेज उभं केलंय. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की तानपुरे एकमेकांत मिसळण्यासाठीच लावतात. स्पीकरनं स्वतःचं काही मिसळायचं नसतं. त्यानं नक्कल करायची आणि गप्प बसायचं.

लखनौवरून आठवलं, हे खूळ उद्या तिथल्याच चिनहट भागातल्या एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये शिरलं तर? चिनहट म्हणजे एकेकाळचं मातीच्या झिलईदार भांड्यांचं गाव. फडताळं खणखणायला वेळ लागणार नाही. 30 जून 1857ला हेन्री लॉरेन्सच्या इंग्रज फौजेला इथून तोफ टाकून पळावं लागलं होतं, पण तेव्हा निदान दिवसाउजेडी. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे, हे भक्तांना कोण सांगणार? एक मात्र कबूल: हे पडदे पुढे-मागे गातात, कडेला जवळजवळ मुके असतात. तेव्हा बाजूच्या भिंतीपलीकडचे शेजारी वाचतील. मागच्या भिंतीपलीकडच्यांनी आपलं बघावं.

तरीही तुमचा जीव अडकलाच असेल तर एवढं ऐका: पॅनेलं शेजारी-शेजारी लावू नका, एकावर एक लावा, ट्वीटरची उभी पट्टी एका रेषेत ठेवा आणि खुर्ची हलवू नका. आणि दुसऱ्या जोडीचे पैसे देण्याआधी एक बरा वूफर उसना आणून आठवडाभर ऐका. बहुतेकांना हवा असतो तो खर्जच, पडदा नव्हे.