अथ रॅमवर्धनविधी

ब्राउझरचे चार टॅब उघडताच संगणकाला धाप लागू लागली, की रॅमवर्धनाचा मुहूर्त आला असे समजावे. रूढीप्रमाणे आधी रॅमची पट्टी विकत आणतात आणि मग ती बसते का, ते पाहतात. दुकानातली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी रूढीप्रिय मंडळींसाठीच असते. इतरांनी पुढील क्रम पाळावा.

अधिकार
पुष्कळ सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन पक्की केलेली असते. त्यांच्या मालकांना या विधीचा अधिकार नाही. त्यांनी टॅब बंद करावेत. ज्यांच्याकडे ३२-बिट विंडोज आहे, त्यांनी ४ जीबीपुढची रॅम केवळ शोभेसाठी घ्यावी.

चौकशी
या कामी शेजारच्या आयटीतल्या मुलाला विचारण्याची प्रथा आहे. तो ‘डीडीआर-फोर घ्या, काका’ असे सांगतो, कारण त्याच्याकडे डीडीआर-फोर असते. खुद्द संगणकाला विचारणे कमीपणाचे वाटत नसेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडावे. रॅम किती, वेग किती, स्लॉट किती आणि त्यातले भरलेले किती, हे तिथे निमूटपणे लिहिलेले असते. रॅमची पिढी (थ्री, फोर की फाइव्ह) कळण्यासाठी सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर पुरते.

पिढी
डीडीआर-थ्री २००७ची, डीडीआर-फोर २०१४ची, डीडीआर-फाइव्ह २०२०ची. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. पिना मोजणाऱ्या चिकित्सकांना सूचना: डेस्कटॉपच्या फोर आणि फाइव्ह, दोन्ही पट्ट्यांना २८८च पिना असतात. फरक खाचेच्या जागेत आहे. खाच जुळत नाही, याचा अर्थ जोर कमी पडतोय असा काढू नये. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच पाडलेली असते.

अंगकाठी
डेस्कटॉपची पट्टी साधारण १३ सेंटिमीटर लांब, लॅपटॉपची तिच्या जवळपास निम्मी. डेस्कटॉपसारखे मिरवणारे काही छोटे संगणकही लॅपटॉपचीच पट्टी मागतात, म्हणून झाकण उघडून पाहावे.

मर्यादा
‘जास्तीत जास्त किती’ हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते. २०१३च्या एच-८१ चिपसेटचे उदाहरण घ्या: डीडीआर-थ्री, दोन स्लॉट, एकूण १६ जीबी, म्हणजे ८-८च्या दोन पट्ट्या. पुस्तिका माळ्यावर सापडली नाही, तर मदरबोर्डवर छापलेला मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर जावे. चालणाऱ्या पट्ट्यांची यादीही तिथे असते. ती कोणी वाचत नाही, त्यामुळे कोरी करकरीत मिळेल.

वेग
लेबलवर ‘पीसी४-२५६००’ पाहून हुरळू नये. त्याला ८ने भागावे. ३२०० हा खरा वेग. ही पट्टी २४००च्या जुन्या पट्टीशेजारी बसवली, तर तीही २४००नेच चालू लागते. जुन्या कारकुनाशेजारी नव्या उमेदवाराला बसवल्यावर होते तसेच.

निषेध
ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणारी ‘रजिस्टर्ड ईसीसी’ पट्टी सर्व्हरची असते. डीडीआर-फोरमध्ये ती घरच्या स्लॉटमध्ये अगदी बेमालूम बसते. संगणक मात्र सुरू होत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ अशा शिक्क्याची स्वस्त डीडीआर-थ्री इंटेलवाल्यांनी घेऊ नये. शिक्का खरे बोलत असतो.

मुख्य विधी
वायर काढावी, लॅपटॉपची बॅटरी सोडवावी, मग पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जिरवावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट धरावा. डेस्कटॉपची पट्टी ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत सरळ दाबावी.

डीडीआर-फाइव्ह पहिल्या वेळी काही मिनिटे पडदा काळाच ठेवू शकते. तेवढ्यात नातेवाइकांना कळवण्याची घाई करू नये. पण बीप-बीप सुरू झाली, तर बंद करून पट्टी काढावी आणि तिचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसावेत. हा उपाय खरोखर लागू पडतो, म्हणूनच दुरुस्तीवाला तो तुमच्याकडे पाठ करून करतो.

फलश्रुती
सुरू झाल्यावर विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवावी. रॅम निर्दोष ठरली की विधी संपन्न झाला.

वरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पट्टीच्या लेबलवर, पुस्तिकेत किंवा पडद्यावर आधीच छापलेले आहे. तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाण्यापूर्वी जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी ‘चालली नाही तर बदलून मिळेल’ हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.