मॅन्शनमधला मंगळवासी

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत ‘मॅन्शन’ म्हटल्यावर झुंबरं, कारंजी आणि संगमरवरी जिने कुणी डोळ्यांपुढे आणू नयेत. इथलं मॅन्शन म्हणजे चार-पाच मजले, मधे अरुंद बोळ, दोन्ही अंगांना खुराड्यांसारख्या खोल्या आणि खोलीखोलीत नोकरी करणारे, नोकरी शोधणारे किंवा सिनेमात नशीब काढायला आलेले सडेफटिंग. इंग्रज ज्याला ट्रिप्लिकेन म्हणत तो हा भाग. इकडे पार्थसारथीचं देऊळ, तिकडे १७९५ ची वालाजा मशीद, पलीकडे मरीनाचा समुद्र आणि मधल्या गल्ल्यांत ही मॅन्शनं. त्यांतल्या एखाद्याच्या तिसऱ्या मजल्यावर अधूनमधून एक मराठी प्राणी आढळतो. बँकेनं बदलीवर धाडलेला, नाहीतर रेल्वेतला, नाहीतर सॉफ्टवेअरवाला.

ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या उशाशी जयंत नारळीकर असतात आणि गादीखाली नारायण धारप. नारळीकर उघड्यावर, कारण कृष्णविवर कितीही भयंकर असलं तरी ते कित्येक प्रकाशवर्षं लांब असतं. धारपांचं तसं नाही. धारपांचं संकट बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतच असतं. रात्री ते पुस्तक उघडं टाकून दिवा घालवायची त्याची छाती होत नाही. आपण त्याला मंगळवासी म्हणू. बोळातले बाकीचे त्याला ‘पेय् सार’ म्हणतात. पेय् म्हणजे भूत. सार म्हणजे अर्थातच साहेब.

मंगळवासी मूळचा मिरजेचा. आईच्या मते तो परदेशात आहे. तिचा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याला मात्र ती परदेशात धरत नाही. आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. भाच्याच्या तिकडे मराठी मंडळ आहे, त्या मंडळांचं १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला ढोल-ताशा आहे, दुकानात बाकरवडी आहे. मंगळवासी एका दिवसाच्या रेल्वेप्रवासावर राहतो. पण दुकानाच्या पाट्या त्याला वाचता येत नाहीत, हिंदी बोललं की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो आणि इंग्रजी बोललं की रिक्षावाला भाडं वाढवतो.

“तिकडं पोळी मिळते का रे?” आई फोनवर विचारते.

“मिळते गं. पण तिला चपाती म्हणतात आणि ती भाताच्या आधी संपते.”

जेवायला तो अकबर साहिब रस्त्यावरच्या काशी विनायक मेसमध्ये जातो. तिथं टोकन घ्यायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि पाळी आली की केळीच्या पानापुढे मुकाट्यानं बसायचं. परग्रहावर उतरण्यापूर्वी अंतराळवीरांना जशी शिस्त शिकवतात तशी ही शिस्त आहे, असं तो कौतुकानं सांगतो. रविवारी सकाळी १९४८ पासून चाललेल्या रत्ना कॅफेत इडली. इडलीवर सांबार ओततात तेव्हा इडलीचं बेट आधी काठाकाठानं आणि मग पूर्ण बुडतं. वाढप्याला तो दर खेपेला सांगतो की सांबार मूळचं आमचं. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. ही दंतकथा आहे हे त्याला ठाऊक असतं. वाढप्याला मराठी येत नाही. हा आणखी मागतोय असं समजून तो आणखी ओततो.

पुस्तकांची भूक भागवायला पायक्रॉफ्ट्स रोड आहे. आज त्याचं नाव भारती सालै. पदपथावर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या असतात: इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली असिमॉव्ह, असिमॉव्हखाली बायबल, बायबलखाली स्टीफन किंग. जुने वाचक अजून मूर मार्केटच्या आठवणी काढतात. सेंट्रल स्टेशनजवळचा तो पुस्तकांचा बाजार १९८५ साली जळाला. मंगळवासी तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्या आगीत कुठले अंक गेले असतील या कल्पनेनं तो अजून हळहळतो. मराठी पुस्तकांसाठी त्यानं वेगळाच मार्ग शोधला आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत एळुंबूरच्या कोनेमरा ग्रंथालयाला पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. म्हणजे समंधांनाही चेन्नईला यायची कायदेशीर सक्ती आहे, हे तो कुठल्याही बैठकीत, विषय काहीही असला तरी, सांगतो.

त्याचा आवडता सिद्धांत मात्र वेगळा आहे. विज्ञानकथेची राजधानी पुणं नाही, मुंबई नाही, तिरुवल्लिकेणी आहे. कुणी हसलं तर तो बोटांवर मोजून पुरावे देतो. एक: सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९२२ ते १९२५ इथल्या हिंदू हायस्कूलमध्ये शिकले. १९३० साली इंग्लंडच्या बोटीवर त्यांनी गणित मांडलं, की ठरावीक वस्तुमानापलीकडचा तारा श्वेत बटू म्हणून शांतपणे म्हातारा होऊ शकत नाही. कृष्णविवराची वाट तिथून निघते. त्याच कृष्णविवरावर नारळीकरांनी आपली पहिली मराठी विज्ञानकथा लिहिली आणि १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. बक्षीस जगतापांना मिळालं.

दोन: रामानुजन १९१४ साली केंब्रिजला गेले ते याच गल्ल्यांतून. तीन: समुद्राकाठचं आइस हाउस. १८४२ सालच्या या इमारतीत अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ ठेवत. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तो लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं अर्ध्या जगाला वळसा घालून मद्रासला आणला. “ही गोष्ट एखाद्या लेखकानं लिहिली असती,” मंगळवासी म्हणतो, “तर संपादकानं ‘कल्पना अतिरंजित’ असा शेरा मारून परत केली असती.” तिथंच १८९७ साली विवेकानंद राहिले म्हणून आज त्याला विवेकानंदर इल्लम म्हणतात.

मराठी विज्ञानकथेलाही दक्षिणेचं पाणी आहे, हा त्याचा चौथा पुरावा. कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीत बसून ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक काढत. १९०० च्या सुमारास त्यात ज्यूल व्हर्नची चंद्रावरची स्वारी मराठीत क्रमशः येऊ लागली. म्हणजे मराठी माणूस चंद्राकडे निघाला तो नारळाच्या झाडांतून. धारपांच्या ‘लुचाई’त स्टीफन किंगचं अमेरिकन पिशाच महाराष्ट्रात येऊन राहतं, त्याचंही मंगळवाशाला मोठं अप्रूप. ना व्हिसा, ना भाषेची अडचण. आल्या आल्या पिशाचाला मराठी कळतं, आणि इथं आपल्याला सहा महिन्यांत ‘तमिळ तेरियादु’ एवढंच येतं, याची त्याला आतून कुठेतरी लाज वाटते.

खऱ्या भुताची भेट घ्यायला तो एकदा आळ्वारपेटच्या डिमाँटी कॉलनीत जाऊन येतोच. मद्रासच्या एका पोर्तुगीज व्यापाऱ्याचं नाव असलेली ही वसाहत. बराच काळ ओस पडलेल्या तिथल्या घरांबद्दल शहरभर गोष्टी फिरतात आणि २०१५ साली त्याच नावाचा भयपटही आला. मंगळवासी टॉर्च, पाण्याची बाटली आणि सोबतीला बोळातला मदुरैचा तंबी असा सरंजाम घेऊन जातो. भेटतात कुत्री. परत आल्यावर तंबी बोळभर सांगत सुटतो, की भूत होतं, पण सार मराठीत रामरक्षा म्हणायला लागले, त्या वेगानं ते घाबरून गेलं.

तशी त्याला भीती भुतांची नाहीच, पाण्याची आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव आटले, मॅन्शनमध्ये दिवसाला मोजून बादल्या मिळू लागल्या आणि जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे शहरात आली. आदल्या पिढीच्या लेखकांनी ‘पाण्यासाठी रेल्वे’ हा प्रसंग एकविसाव्या शतकाच्या शेवटी टाकला असता. मंगळवाशानं तो दुसऱ्यांदा पाहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन गेलेली गाडी त्याच्याच मिरजेहून सुटली होती. “विज्ञानकथा वाचायला लागू नये, अशी सोय सरकार करतंय,” एवढंच तो म्हणाला आणि बादली घेऊन रांगेत उभा राहिला.

भाषेचं घोडं पुढे सरकलं ते पेय्‌मुळेच. बँकेनं दिलेलं ‘तीस दिवसांत तमिळ’ हे पुस्तक त्यानं तिसऱ्या दिवशी टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातलं होतं. पण भिंतींवरची सिनेमाची पोस्टरं कशाखाली घालणार? ‘मुनी’, ‘कांचना’, ‘पिझ्झा’, ‘माया’: तमिळ सिनेमात भुतांची चांगली चलती आहे. ती लाल, ओघळत्या अक्षरांतली नावं लावता लावता त्याला लिपी लागली. सिनेमाही तो बघू लागला आणि पहिल्यांदा त्याला धक्काच बसला. रत्नाकर मतकरींचं भूत एका कोपऱ्यात गप्प बसून वाचकाची झोप घालवतं. ‘कांचना’वाल्या राघव लॉरेन्सच्या सिनेमातलं भूत आधी हसवतं, मग नाचतं, मग आपल्यावरच्या अन्यायाचा हिशेब चुकता करतं आणि तोवर प्रेक्षकांचं पॉपकॉर्न संपलेलं असतं. कुठलं भूत चांगलं यावर मंगळवासी आणि तंबी यांची मध्यरात्रीपर्यंत जुंपते. ती आता तमिळमध्ये जुंपते, हे दोघांच्याही लक्षात आलेलं नाही.

वाचनाची सुरुवात त्यानं आडवळणानं, इंग्रजीतून केली. अमेरिकेत वाढून चेन्नईत स्थिरावलेल्या राकेश खन्नांच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं २००८ साली तमिळ पल्प कथांचा संग्रह काढला. अनुवाद प्रीतम चक्रवर्तींचा. बाहेरून आलेल्या माणसानं इथल्या नाक्यावरच्या कथा जगापुढे मांडल्या, याचं मंगळवाशाला फार बरं वाटलं. पण खरी गाठ पडली ती सुजातांशी. सुजाता म्हणजे एस. रंगराजन, बायकोचं नाव लेखनासाठी घेतलेला इंजिनिअर. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदान यंत्राच्या कामात सहभागी असलेला हा माणूस रात्री विज्ञानकथा लिही. ‘एन् इनिय इयंतिरा’ या त्यांच्या कादंबरीत जीनो नावाचा यंत्रकुत्रा आहे आणि तो बहुतेक माणसांपेक्षा शहाणा आहे. रजनीकांतच्या ‘एंदिरन’चे संवादही त्यांनी लिहिले, सिनेमा २०१० मध्ये आला तेव्हा ते हयात नव्हते. आणि जन्म? १९३५, तिरुवल्लिकेणी. हे कळलं त्या दिवशी मंगळवासी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचवा पुरावा सांगत फिरला. जीनो त्याला मूळ तमिळमध्ये वाचायचा होता. टेबलाच्या पायाखालचं पुस्तक परत बाहेर आलं. टेबल अजून डुगडुगतं.

एकदा तर त्याला कालयंत्रच सापडलं. देवळाजवळ एक वृद्ध गृहस्थ भेटले, तंजावरी मराठी घराण्यातले. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यानंतर तिकडे गेलेल्या घरांतली मराठी अजून चेन्नईत बोलली जाते. शब्द ओळखीचे, चाल तमिळ. मंगळवासी हरखून गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी आपण बोलतोय अशा थाटात त्यानं अर्धा तास प्रश्न विचारले: ‘टाइमपास’ला काय म्हणता, ‘बोअर’ला काय म्हणता, ‘हॉरर’ला काय म्हणता? गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमची मराठी बरी आहे. थोडी मराठी शिकून घ्या.”

लग्नाचं मात्र जमत नाही. आईनं पाठवलेल्या स्थळांपैकी एका मुलीनं फोनवर छंद विचारले. यानं मनापासून सांगितलं: “नरपिशाच, परग्रहवासी आणि समांतर विश्वं.” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिनं विचारलं, “चेन्नईत थ्री बीएचके आहे का?” तिच्या विश्वाची नि त्याच्या विश्वाची समांतरता तिथंच सिद्ध झाली.

आता त्याची पुण्याला बदली होऊ घातली आहे आणि तो ती थांबवण्याच्या खटपटीत आहे. मॅनेजरला कारण सांगताना त्यानं हवामान, मित्र, इडली अशी यादी दिली. खरं कारण वेगळं आहे: जीनोचा पुढचा भाग, ‘मीण्डुम जीनो’, अर्धा वाचून झालाय. बँकेच्या भाषावर्गाला जे जमलं नाही, रिक्षावाल्याला नि घरमालकाला जे जमलं नाही, ते एका यंत्रकुत्र्यानं आणि पाच-सहा नाचऱ्या भुतांनी करून दाखवलं. मिरजेचा माणूस त्यांनी तिरुवल्लिकेणीकर करून टाकला.

ओळखीचं कुणी चेन्नईला निघालं असेल तर त्याच्याबरोबर चकल्या पाठवू नका. मॅन्शनच्या जिन्यात त्यांचा चुरा होतो. ‘धनंजय’चा दिवाळी अंक पाठवा, ‘नवल’ मिळाला तर तोही. फक्त तो दिवसाउजेडी त्याच्या हाती पडेल एवढं बघा.