साहेब, थुंकू कुठे?

नाकाबंदीत आता चालकाची लाळ तपासा, अशी मागणी सूज्ञ मंडळी करू लागली आहेत. दारूवाला फुंकर मारून सापडतो, गांजेकसाचं काय? रक्त काढायचं तर डॉक्टर हवा, सुई हवी, आणि सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता जागं कुणीतरी हवं. त्यापेक्षा तोंडात कांडी फिरवा, काही मिनिटांत निकाल हातात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात 2004 पासून हेच चाललंय. मग आपण का मागे? थुंकीची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

पण या कांडीचे नखरे आहेत. चाचणीआधी काही मिनिटं तोंडात काहीही नको म्हणे. महाराष्ट्रातला चालक आणि रिकामं तोंड! गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, म्हणून तर मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते. कायदा पाळायचा आणि गालात कालवायचं. आता कल्पना करा. हवालदार म्हणणार, ‘तोंड मोकळं कर.’ हा बिचारा काच खाली करून मोकळं करणार. लगेच दुसरा हवालदार पावतीपुस्तक काढणार, सार्वजनिक ठिकाणी थुंकल्याबद्दल. बार गिळला तर पुरावा नष्ट केला. धरून ठेवला तर नमुना द्यायला नकार दिला. ‘साहेब, मग थुंकू कुठे?’ यावर साहेब बोलत नाहीत, नुसतं बोट दाखवतात, कारण त्यांच्याही गालात मावा आहे आणि तो आत्ताच कुठे रंगात आलाय. मग चूळ भरायची. पाणी कुणाचं? बाटली कुठून आणायची? मागे रांग टोलनाक्यापर्यंत गेलेली, त्यातला प्रत्येक जण आपला बार घाईघाईने दुभाजकावर रिकामा करतोय. झुडपांना यंदा टँकर लागणार नाही.

यात एकच माणूस स्वच्छ तोंडाने उभा असतो: गांजा ओढलेला. गांजाने तोंडाला कोरड पडते. ज्याची थुंकी हवी त्याच्याकडे ती नाही आणि ज्याच्याकडे पिंपभर आहे तिचा कुणाला उपयोग नाही.

‘म्हणूनच रक्त!’ असं दुसरी मंडळी म्हणतात. रक्त खोटं बोलत नाही म्हणे. अहो, गांज्याचा अंमल चढवणारा अंश ओढल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून झपाट्याने उतरतो. तुमची जीप दवाखान्यात पोचून डॉक्टर डोळे चोळत येईपर्यंत आज हौसेने चार झुरके मारलेला बराचसा निर्मळ झालेला असतो. उलट रोजचा गिऱ्हाईक काल रात्रीपासून शुद्धीत असला तरी त्याचं रक्त चुगली करतं. आणि सापडला तरी पुढे काय? दारूसाठी कायद्यात आकडा आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थासाठी कलम 185 मध्ये आकडाच नाही. गाडीवर ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल हवा. तो ना कांडी मोजत, ना रक्ताची बाटली. इंग्लंडने 2015 मध्ये निदान आकडे तरी ठरवले. आपण कांडी ठरवतोय.

आणि कांडी कुणाच्या तोंडात? नागपूरहून रात्रभर गाडी हाणत आलेल्या, सकाळी आंघोळीपुरतं थांबून पुन्हा तीच गाडी परत नेणाऱ्या चालकाच्या. मोटार कामगाराला दिवसाला आठ तास काम, असं 1961 चा कायदा म्हणायचा. तो कायदा कधी कुठल्या नाक्यावर तपासला, सांगा! झोप उडवायची गोळी त्याने हौसेने नाही घेतली. बदली चालकाचा पगार वाचतो म्हणून घेतली. थुंकीत गोळी दिसेल, परवाना त्याचा जाईल, गाडीवर उद्या दुसरा बसेल, त्यालाही तीच गोळी मिळेल. मालक मात्र ऑफिसात बसून सीझनचं बुकिंग बघतोय. त्याच्या तोंडाला जे पाणी सुटलंय त्याचा नमुना घ्या की एकदा. तिथे कोरड पडायची भीती नाही.