वजनदारांसाठी सायकल-खरेदी : चंडीगड आवृत्ती

सर्वप्रथम आपलं वजन मान्य करावं. बहुतेक उमेदवार इथेच गळतात. माझं ११२ किलो आहे. त्यात बूट धरलेले नाहीत. बदली होऊन चंडीगडला आल्यापासून खाल्लेले लोण्याचे पराठे मात्र धरलेले आहेत.

दुसरी पायरी, भूगोल. ल कॉर्बुझिएने इथल्या रस्त्यांना व्ही-१, व्ही-२ असे दर्जे दिले. सायकलींसाठी व्ही-८ मागाहून आला. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब. त्याला एक प्रदक्षिणा घातली की चार किलोमीटर, त्यामुळे थापा मारायला वाव नाही. शिवालिकच्या पायथ्यापासून नैर्ऋत्येकडे शहराला किंचित उतार आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्यांना दिसतो. सुखना तलाव वरच्या अंगाला असल्यामुळे पहाटेच्या उत्साहात चढ आणि घरी नाश्त्याकडे येताना उतार, अशी सोय आपोआप झाली आहे.

आता दुकान. लुधियाना, म्हणजे देशातल्या सायकलींचं माहेर, इथून शंभरेक किलोमीटरवर. तेव्हा माल भरपूर. दुकानातला मुलगा एकवीस गिअर, पुढे सस्पेन्शन अशी एक रंगीत सायकल पुढे करतो. ‘‘अंकलजी, मक्खन की तरह चलेगी!’’ लोणी माझ्याकडे बघून आठवलं की सायकलकडे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी ती घेतली. स्वस्तातल्या सस्पेन्शनचा गुण असा की आपण पायडल मारतो आणि सायकल उठाबशा काढते. व्यायाम तिला होतो. तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाची तार तुटली. मग दुसरी. चाक असं आऊट झालं की मडगार्ड त्याच्याशी बोलायला लागलं.

म्हणून, वाचकहो, गिअर मोजू नका, तारा मोजा. स्वाराचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर पडतं. हे आपल्या जुन्या काळ्या सायकलीला कधीपासून ठाऊक आहे: तिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. टायर रुंद हवा आणि हवा टणक. फ्रेम पोलादी घ्या, जमल्यास डबल दांडीची. तडा गेला तर कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियम बघितलं की तोच माणूस जेवायला जातो. सीट रुंद, खाली जाड स्प्रिंगा. महिनाभराने चाकाचा आऊट काढून तारा ताणून घ्याव्यात. पुस्तिकेत कमाल वजन छापलेलं असतं, तेही वाचावं. सोबत कोणी नसताना.

तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल तर गॅसवाल्याकडे बघा. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोंचा. मागे असे दोन आणि वर साठ किलोंचा माणूस, म्हणजे १२० झाले. मी त्याहून आठ किलोंनी सडपातळ आहे. हे घरी सांगितलं. ‘‘अहो, पण सिलिंडर महिन्याभरात रिकामा तरी होतो,’’ असं उत्तर आलं.

तरी शंका असेल तर रॉक गार्डन बघून या. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे नेकचंद नोकरी संपली की दगड आणि मोडतोडीचा माल सायकलवर लादून जंगलात नेत. वर्षानुवर्षं, सरकारला पत्ता न लागू देता. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. एवढ्या दगडांपुढे आपण काय?

मी आता काळी, बिनगिअरची, डबल दांडीची सायकल वापरतो. रंगीत सायकलीच्या निम्म्याहून कमी पैशांत आली. पाच महिन्यांत एकही तार तुटलेली नाही. वजन किती उतरलं, हा प्रश्न प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.