गेटसमोरचे काका

विद्याविहार घ्या, अंधेरी घ्या, नाहीतर कांदिवली-बोरिवली. इंजिनिअरिंग कॉलेज असलं की गेटसमोर झेरॉक्सचं दुकान असतं आणि त्यात एक काका असतात. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पाटीवर कुठल्याशा देवीचं नाव असतं, त्यावरून काकांचं कुलदैवत तेवढं कळतं.

नव्या मुलांना रुळवायला कॉलेजही झटतं. एआयसीटीईने २०१७ मध्ये फर्स्ट इयरसाठी तीन आठवड्यांचं इंडक्शन आणलं. त्यात योगासनं, मानवी मूल्यं, पाहुण्यांची भाषणं असं सगळं असतं. पण प्रवेशाच्या शेवटच्या राउंडला लातूरहून आलेला मुलगा गेटात शिरतो, तोवर मानवी मूल्यं संपलेली असतात आणि पहिली असाइनमेंट उद्यावर आलेली असते. तो मुकाट काकांच्या काउंटरला टेकतो.

"डिव्हिजन?" काका मान वर न करता विचारतात.

"सी."

"म्हणजे ड्रॉइंग सोमवारी. ड्राफ्टर आणलास? नवा घेऊ नकोस, सेकंड इयरवाले विकायला बसलेत. पुस्तकं म्हणशील तर मॅथ्सला कुंभोजकर, ड्रॉइंगला एन. डी. भट्ट. बाकी माझ्याकडे ये."

मुलाला अजून टाइमटेबलसुद्धा मिळालेलं नसतं.

काका शिकले किती, यावर मतभेद आहेत. कुणी बारावी म्हणतं, कुणी अर्धवट डिप्लोमा. पण मशीनच्या काचेवरून इतक्या नोट्स सरकल्यात की थोडी विद्या बोटांना चिकटलीच. ड्रॉइंगमधलं फर्स्ट अँगल प्रोजेक्शन कळेना म्हणून एक मुलगी रडकुंडीला आली होती. डावीकडून दिसतं ते उजवीकडे का काढायचं, हेच तिच्या डोक्यात शिरेना. काकांनी स्टेपलरच्या पिनांची डबी काउंटरवर ठेवली. "वरून बघ. हा तुझा फ्रंट व्ह्यू. आता डबी उजवीकडे लोळवतो. कुठली बाजू वर आली?" डावी आली होती. "मग झालं. लोळली तिथे काढ. अठरा रुपये झाले."

काकांचा परोपकार असा पानामागे रुपया दराने चालतो, आणि तेच मला आवडतं. फुकट सल्ला देणारी माणसं पुढे वीस वर्षं तो सल्ला दिल्याचं ऐकवतात. काकांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता.

केटीची, म्हणजे विषय मागे राहण्याची, भीती घालवायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. मुंबई विद्यापीठाचा थिअरी पेपर बरीच वर्षं ८० मार्कांचा होता, पास व्हायला ३२ लागायचे. घाबरलेला मुलगा आला की काका विचारायचे, "तोंडात दात किती? तेवढे मिळाले की दाखवायचे." नवं शैक्षणिक धोरण आलं, कॉलेजं ऑटोनॉमस होत गेली, मार्कांची वाटणी बदलली आणि काकांचा हा विनोद कायमचा केटीत गेला. जुन्या स्कीमच्या आयएमपी प्रश्नांचे गठ्ठे तेवढे माळ्यावर पडून आहेत.

जीटीला, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवण्याला, काकांचा तात्त्विक विरोध आहे. "हात बिघडतो," म्हणतात. मात्र दुकानात आतल्या बाजूला दोन स्टुलांवर एक जाड काच आडवी ठेवलेली आहे, आणि तिच्याखालची ट्यूबलाइट सबमिशनच्या आठवड्यात विझत नाही.

झीनर डायोडच्या प्रयोगात कुणा सीनियरने कधीकाळी एक रीडिंग चुकवलं. ते काकांच्या मास्टर कॉपीत गेलं आणि तिथून प्रत्येक बॅचच्या जर्नलात. एका सरळमार्गी पोराने प्रयोग खरोखर केला आणि बरोबर रीडिंग लिहिलं, तेव्हा सरांनी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला. काका हळहळले. "आधी मला विचारायचंस ना!"

बाहेरगावच्या पोरांना काका रेल्वेसुद्धा शिकवतात. "बोरिवलीला उतरायचंय ना? मग विरार फास्टमध्ये चढू नकोस. चढलास तर दारातले लोक तुला विरार दाखवून आणतील. आणि शीट होल्डर पाठीला लावू नकोस, पोटाशी धर." पासाचं कन्सेशन कुठल्या खिडकीवर मिळतं आणि त्या खिडकीतल्या बाई किती वाजता चहाला उठतात, दोन्ही ते सांगतात. पीजीतल्या मुलाच्या आईचा फोनही दुकानावर येतो. "जेवतो ना हो वेळेवर?" काका समोरच्या वडापाव खाणाऱ्या पोराकडे बघून गंभीरपणे म्हणतात, "हो वहिनी, आत्ताच जेवला."

यशाचं माप त्यांचं साधं आहे. चांगली नोकरी लागलेला प्रत्येक मुलगा "आपल्याकडचा". जो वर्ष गमावून घरी गेला, "तो पलीकडच्या दुकानातून काढायचा."

काकांच्या मुलाने मात्र इंजिनिअरिंगकडे पाठ फिरवून यंदा बीकॉमला प्रवेश घेतला. मी म्हटलं, "मग आता घरीच फर्स्ट इयर! बरं केलं, त्याला मार्गदर्शन शोधायला नको."

"छे हो, मला कॉमर्समधलं काय कळतंय?" काकांनी मशीनमध्ये नवं रीम भरलं. "त्याच्या कॉलेजसमोर एक झेरॉक्सवाला आहे. पहिल्याच दिवशी नेऊन भेटवलं. माणूस चांगला वाटला."